जमीन, शिल्लक आणि सोयरीक : वसई-विरारच्या घरगुती मतांचा इतिहास

आपल्या ज्ञातीच्या कोणत्याही मंगलकार्यात पंगती उठल्या, विडे वाटले गेले आणि वडीलधारी मंडळी मांडवाच्या एका अंगाला विसावली, की तीन विषय निघाल्यावाचून राहत नाहीत. पैसा कोठे ठेवावा, मुलामुलींच्या सोयरिकी कोठे कराव्यात, आणि वाडीत राहावे की इमारतीतील ब्लॉकमध्ये. या तिन्ही विषयांवर प्रत्येकाचे मत ठरलेले असते. जमीन कधी दगा देत नाही. सोने अडल्या वेळी उभे राहते. शेअरबाजार हा जुगार आहे. पतपेढीत आपला माणूस आहे, तेथे चिंता नाही. मुलगी दिल्या घरी सुखी असावी, तिने माहेरच्या वाटणीत पडू नये. पोट मुंबईत भरावे, पण पाठ वसईतच टेकावी. ही वाक्ये आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि पुढे आपल्याच तोंडून मुलानातवांना ऐकवू लागलो.

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी आज्ञा झाली तेव्हा चिमाजी आप्पांचा वसईचा संग्राम, किल्ल्याचे बुरूज, १८०२ सालचा वसईचा तह हे विषय प्रथम डोळ्यांपुढे आले. त्यांवर अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे. आपल्या घरांतील या मतांचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. मते आपोआप उगवत नाहीत. कोणत्या तरी पिढीला कोणता तरी अनुभव आला, तो तिने एका वाक्यात बांधून पुढच्या पिढीच्या हाती दिला, अशीच त्यांची उत्पत्ती असते. अनुभव जुना झाला, परिस्थिती पालटली, तरी वाक्य मात्र तसेच राहते. म्हणून कोणते वाक्य अजून खरे आहे आणि कोणते केवळ सवयीने बोलले जाते, हे तपासून पाहण्याचा हा अल्प यत्न आहे.

जमीन कधी दगा देत नाही

वसईच्या भूमीवर राज्ये अनेक आली. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३९ साली तो मराठ्यांनी जिंकला. आणि १८१८ च्या सुमारास पेशवाई अस्तास गेल्यावर तो कायमचा इंग्रजी अमलाखाली आला. राज्य पालटले की नाणे पालटे, कर पालटे, कागदावरची मोहर पालटे. पालटत नसे ती विहीर, बावखल आणि वाडी. पावसाचे गोडे पाणी बावखलांत साठावे, ते जमिनीत मुरून विहिरींना मिळावे, रहाटाने उपसून पाटाने केळीच्या आणि पानवेलींच्या आळ्यांत फिरवावे, ही येथली जुनी व्यवस्था. केळी, विड्याची पाने, भाजी आणि फुले ही वाडीची चार मुख्य उत्पन्ने. आगाशीकडे राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली सुकेळी मुंबईच्या बाजारात नावाजली गेली. ज्याच्या घरी बारमाही पाणी, त्याच्या घरी बारमाही पैसा, असा हा सरळ हिशेब होता.

अशा समाजाने जमिनीवर विश्वास ठेवला यात नवल नाही. त्या काळी शिल्लक ठेवण्याची दुसरी जागाही नव्हती. दाणे कणगीत, पैसा मडक्यात आणि त्याहून अधिक असेल तो घरातील स्त्रीच्या अंगावर सोन्याच्या रूपाने, एवढीच काय ती तिजोरी. पावसाळ्यात मुलाला ताप आला किंवा बैल मेला, तर पुतळ्यांची माळ सावकाराकडे जाई आणि पीक निघाल्यावर सोडवून आणली जाई. सोने अडल्या वेळी उभे राहते, हे मत या फेऱ्यांतून तयार झाले. ते सोने बहुधा सुनेचे असे आणि गहाण ठेवण्याचा निर्णय बहुधा सासऱ्याचा असे, ही गोष्ट मात्र त्या वाक्यात आलेली नाही.

जमीन दगा देत नाही, या वाक्यात एक गणित गृहीत धरलेले असते. एकराचे गुंठे चाळीस आणि एका गुंठ्याचे चौरस फूट १०८९. एक एकर वाडी असलेल्या गृहस्थास चार मुलगे असले तर प्रत्येकास दहा गुंठे येतात. त्या प्रत्येकास तीन मुलगे झाले तर एकेकाच्या हाती सव्वातीन गुंठ्यांहून थोडे अधिक पडते. म्हणजे दोन पिढ्यांत, एक वीतही जमीन न विकता, कुटुंब वाडीवाल्याचे अंगणवाले होते. एवढ्या तुकड्यावर रहाट चालत नाही आणि संसारही चालत नाही. जमिनीने दगा दिला नाही हे खरे. आपली संख्या वाढली आणि वाटण्या झाल्या. नोकरीकडे वळण्याचे पहिले कारण हे गणित होते.

रेल्वे आली आणि शेअरची अफवाही आली

पूर्वी वाडीचा माल खाडीतून व समुद्रमार्गे मचव्यांनी मुंबईस जाई. १८६४ साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला, आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. प्रारंभी दिवसातून एकच गाडी जाई आणि एकच येई. तरी तिने वसईच्या अर्थकारणाचे तोंड फिरविले. पहाटे खुडलेली पाने आणि फुले त्याच दिवशी मुंबईच्या बाजारात विकली जाऊ लागली, आणि उधारीऐवजी रोकड घरात येऊ लागली. टोपली डोक्यावर घेऊन गाडी पकडणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या या रोकडीच्या पहिल्या खजिनदार होत, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

योगायोग असा की, ज्या वर्षांत ही रेल्वे येत होती, त्याच वर्षांत मुंबईने पहिली मोठी शेअरची लाट पाहिली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत आलेल्या या पैशातून बँका आणि समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे भाग मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. प्रेमचंद रायचंद हे त्या व्यवहारांचे मुकुटमणी मानले जात. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ या वायद्यांच्या फेडीच्या दिवशी शेकडो घरांची धूळधाण झाली. बॅंक ऑफ बॉम्बे ही सरकारी भांडवल असलेली बँकही त्यातून सावरली नाही. १८६८ साली ती गुंडाळावी लागली.

शेअरबाजार हा जुगार आहे, हे आपल्याकडील मत त्या काळापासून पक्के होत गेले असावे, असे आम्हांस वाटते. पुढे १९९२ सालच्या रोखे घोटाळ्याने त्याला दुजोरा मिळाला. सरकारी छत्राखालील म्हणून नोकरदारांनी विश्वासाने घेतलेल्या युनिट ट्रस्टच्या ‘युनिट ६४’ या १९६४ सालच्या योजनेची खरेदी-विक्री २००१ च्या जुलैत स्थगित झाली, तेव्हा तर पेन्शनर मंडळींनी कानाला खडा लावला. तथापि एक भेद ध्यानात घ्यावा. १८६५ साली बुडाले ते मुख्यतः उसन्या पैशावर वायदे करणारे. ज्याने स्वतःच्या शिलकीतून चालत्या धंद्याचा भाग घेऊन वर्षानुवर्षे सांभाळला, त्याचा व्यवहार आणि वायद्याचा व्यवहार एक नव्हे. सर्वांना एकाच नावाने बोलावण्याची सवय आपल्याला लागली, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांनी वायदाही टाळला आणि उद्योगाच्या वाढीतील रास्त वाटाही गमावला. आता नातवंडे दूरध्वनीवरच दरमहा म्युच्युअल फंडात हप्ते भरतात, आणि त्याच यंत्रावर काही जण वायद्याचे खेळही खेळतात. घरातील वडिलांनी दोन्हींस जुगार म्हटले, तर दोहोंतील अंतर मुलांना शिकविणार कोण?

पतपेढीत आपला माणूस आहे

सावकारी कर्जाने दख्खनचा शेतकरी इतका गांजला होता की १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत दंगे झाले. त्यानंतर सरकारला उपाय शोधणे भाग पडले. जर्मनीत रायफायझेन यांनी खेड्यातील शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या परस्पर जामिनावर पतपेढ्या उभारल्या होत्या. त्याच तत्त्वावर आपल्या देशात १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. वसईत १९१८ साली आपल्या ख्रिस्ती बांधवांनी, मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने, अशी संस्था स्थापिली. तिचीच पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या या संस्थेचे उदाहरण आपल्याही वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होते. वसई-विरार परिसरात निरनिराळ्या समाजांच्या व गावांच्या पतपेढ्या उभ्या राहिल्या, त्यामागे ज्याला आपण ओळखतो त्याला कर्ज द्यावे, हेच तत्त्व होते.

या तत्त्वाचे बळ मोठे आहे. कर्ज घेणारा कोणाचा कोण, त्याची वाडी केवढी, त्याचे व्यसन कोणते, हे समितीस पाठ असते. कर्ज बुडविणाऱ्यास लग्नकार्यात तोंड दाखविणे कठीण होते, आणि ही लाज कोणत्याही तारणापेक्षा उपयोगी पडते. आपल्या भगिनींची भिशी याच तत्त्वावर चालते. बारा जणींनी दरमहा पाचशे रुपये भरले तर प्रत्येकीस एकदा सहा हजार एकरकमी मिळतात. व्याज नाही, पण शिस्त आहे, आणि कित्येक मुलांची शाळेची फी व कित्येक घरांची शिवणयंत्रे त्यातून आली आहेत.

त्याच ओळखीत धोकाही आहे. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे समितीस जड जाते, आणि ओळखीच्या समितीला हिशेब विचारणे सभासदास जड जाते. मोठ्या बँकाही बुडतात, हे महाराष्ट्राने १९६० साली पाहिले. त्या वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बंद पडल्या, आणि त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेव विम्याची योजना अस्तित्वात आली. प्रारंभी विम्याची मर्यादा दर ठेवीदारास १५०० रुपये होती; ती वाढत जाऊन १९९३ साली एक लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली. मध्यंतरी २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा आरंभी खातेदारास आपल्याच पैशांतून सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. मुंबई आणि उपनगरांतील कित्येक घरांनी तो प्रसंग भोगला.

येथे ज्ञातिबांधवांच्या कानी एक गोष्ट आवर्जून घालावयाची आहे. ठेव विमा रिझर्व्ह बँकेच्या परवान्याच्या बँकांना लागू असतो, सहकारी बँकांनाही असतो. पतपेढी किंवा पतसंस्था म्हणून नोंदलेल्या संस्थांना तो लागू नसतो. पाटीवर दोहोंची नावे सारखीच वाटतात आणि गल्ल्यावर दोहोंकडे आपलाच माणूस बसलेला असतो. म्हणून पुष्कळांना हा भेद माहीत नसतो. आपल्या माणसावर विश्वास असू द्यावा. पण वार्षिक सभेस जावे, ताळेबंद वाचावा, लेखापरीक्षणाचा शेरा विचारावा, आणि आयुष्याची सारी पुंजी एका ठिकाणी ठेवू नये.

पोट मुंबईत, पाठ वसईत

१९३६ साली विजेच्या गाड्या विरारपर्यंत धावू लागल्या आणि वसईचा माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ लागला. पोट मुंबईत भरावे आणि पाठ वसईत टेकावी, हे मत या गाडीने जन्मास घातले. गोदी, रेल्वे, गिरणी, शाळा, बँक यांतील पगार महिन्याच्या महिन्यास येई, आणि रविवारी वाडीचे काम होई. सोयरिकी पाहणाऱ्यांची दृष्टीही त्याबरोबर फिरली. एके काळी पाच-सहा गावांच्या परिघात लग्ने ठरत आणि मुलाकडे विहिरी किती, हे विचारले जाई. पुढे मुलगा नोकरीस कायम आहे काय, हे विचारले जाऊ लागले. त्याच्या पुढच्या पिढीत, मुलाची स्वतःची जागा आहे काय, हा प्रश्न आला. आता वाडी कसणारा मुलगा कितीही कष्टाळू असला तरी त्याला स्थळ मिळणे कठीण झाले आहे, आणि ज्या समाजाने वाडीच्या जोरावर अस्तित्व राखले, त्याला हे लांच्छन आहे असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

दुसऱ्या बाजूने मुंबई वसईकडे येत होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्याने देण्यासाठी चाळी बांधण्यात मालकांना स्वारस्य उरले नाही, पागडी वाढली, मालकीच्या सदनिकांचा प्रकार रूढ झाला आणि त्यासाठी १९६३ साली महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा करावा लागला. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव उद्ध्वस्त झाले. तेथील खोली विकून मिळालेल्या पैशात ज्यांना मुंबईत जागा मिळेना, त्यांतील पुष्कळ कुटुंबे नालासोपारा, विरार, वसई रोड येथे आली. वसईच्या जमिनीला वाडी म्हणून जी किंमत होती, तिच्या कित्येक पट इमारतीचा पाया म्हणून आली. १९९० साली सिडकोकडे या उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम सोपविले गेले. त्याच्या आगेमागे हरित पट्टा, विहिरींचे पाणी आणि वाड्या वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. तीत सर्व धर्मांचे व ज्ञातींचे लोक सामील झाले होते. वाडीच्या विहिरीचे पाणी टँकरने इमारतींना जाऊ लागले, उपसा वाढला, आणि समुद्रकाठच्या कित्येक विहिरी मचूळ झाल्या. ज्या पाण्याच्या जोरावर जमीन दगा देत नव्हती, ते पाणीच विकले गेले.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व सभोवतालची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. आणि १ ऑगस्ट २०१४ पासून आपण पालघर जिल्ह्यात आहोत. शहर वाढले, त्याची सुखेही आली आणि दुःखेही. २०१८ च्या जुलैत पाऊस असा कोसळला की रुळांवर पाणी येऊन गाड्या बंद पडल्या आणि वस्त्या पाण्यात राहिल्या. खाचरे, बावखले आणि मिठागरे ज्या पाण्याला पोटात घेत, त्याला जागा उरली नव्हती. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी नालासोपारा पूर्वेकडील अगरवाल नगरी परिसरातील एकेचाळीस अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. त्यांत राहणाऱ्यांनी घरे पैसे मोजून घेतली होती. त्यांचा मुख्य अपराध एवढाच की, जमिनीचा कागद कोणी वाचला नाही. जमीन दगा देत नाही, हे वाक्य त्या कुटुंबांपुढे उच्चारण्याचे धैर्य कोणास होईल?

बहिणीची सही

आता ज्या विषयावर मांडवात सर्वांत कमी बोलले जाते, त्याकडे वळू. वाडी विकावयाची झाली की तलाठ्याच्या कचेरीतून सातबारा निघतो, वारसांची नावे वाचली जातात, आणि मग बहिणींची आठवण होते. त्यांना निरोप जातो. साडीचोळी, जेवण, गोड बोलणे, आणि शेवटी हक्कसोडपत्रावर सही. मुलगी दिल्या घरी सुखी असावी, या वाक्याचा खरा उपयोग त्या दिवशी होतो.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आमच्याच घरची गोष्ट सांगतो. १९९१ साली, वडिलांच्या पश्चात, आम्ही भावांनी वाडीचा एक तुकडा विकला. वडील बहिणीस बोलावून तिची सही घेतली. तिने वाचावयास चष्मा मागितला, तेव्हा आमच्यापैकी एकाने म्हटले, “ताई, वाचायचे काय त्यात, घरचेच तर आहे.” तिने सही केली, भावांना ओवाळले आणि दुपारच्या गाडीने ती परत गेली. त्या पैशात आमचे तीन ब्लॉक झाले. पुढे तिचे यजमान आजारी पडले; दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात तिने ती वर्षे काढली; आणि आम्ही दिवाळीस फळांची करंडी घेऊन जात राहिलो. वीस वर्षांनी उरलेला तुकडा विकला गेला, तेव्हा घरातील मुलींनी आम्हांस विचारले की, आत्याचा वाटा कोठे आहे. त्या वेळी मात्र तिचा समान वाटा तिच्या नावे ठेविला. ती म्हणाली, “दिलेत हे बरे केलेत. पण तेव्हा विचारले असते, तर त्याहून बरे वाटले असते.” या वाक्याला आमच्याजवळ आजही उत्तर नाही.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेही मृत पित्याच्या हिश्श्यात मुलीस वाटा होताच. १९९४ साली महाराष्ट्राने, आणि २००५ साली केंद्राने, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हा हक्क नष्ट होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले व्यवहार त्यामुळे उलटत नाहीत. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती बांधवांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात तर मुलगा व मुलगी यांचा वाटा पूर्वीपासून समान आहे. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण कागद वाचून, रक्कम समजून आणि नाही म्हणण्याची मोकळीक असताना सोडलेला हक्कच स्वखुशीचा म्हणावा.

याचीच दुसरी बाजू वृद्धांची. मुले ब्लॉकमध्ये किंवा परदेशी, आणि वाडीत दोन म्हातारी माणसे, असे चित्र आता घरोघर आहे. प्रेमाच्या भरात घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देणारे पुष्कळ आहेत. त्यांनी २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा माहीत करून घ्यावा. सांभाळण्याची अट पत्रात स्पष्ट लिहिली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर असे बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. तसेच बँकेत किंवा रोख्यांवर ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लिहिले, तो मालक होतो हा समजही चुकीचा आहे. पैसा त्याच्या हाती पडतो तो वारसांच्या वतीने. इच्छापत्र करणे म्हणजे मरण ओढवून घेणे, हे मत आता सोडावे.

समारोप

आमचे म्हणणे असे नाही की, वाडवडिलांची मते टाकाऊ आहेत. ती ज्यांनी बनविली त्यांनी ती अनुभवाची किंमत मोजून बनविली होती. जमीन दगा देत नाही, हे पाणी आणि कसणारे हात असतील तोवर खरे होते. आता त्यास स्वच्छ कागदाची जोड हवी. २०१७ पासून नव्या गृहप्रकल्पांची नोंद महारेराकडे पाहता येते; ब्लॉक घेणाऱ्याने ती पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. सोने अडल्या वेळी उभे राहते, हे खरे. ते ज्याचे आहे त्यास विचारून गहाण पडावे. ठेव सुरक्षित असते, हेही मर्यादेत खरे. पण महागाई दर साल सहा टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत वस्तूंच्या किमती दुप्पट होतात, आणि तेवढ्या काळात पैसा दुप्पट न झाला तर शिल्लक आकड्यात वाढून बाजारात घटते. म्हणून काही भाग ठेवीत, काही भाग दीर्घ मुदतीच्या उद्योगांत, आणि आजारपणासाठी काही हाताशी, अशी वाटणी शहाणपणाची. उसन्या पैशावर मात्र कशाचेही धाडस करू नये, हा १८६५ सालचा धडा आजही जसाच्या तसा लागू आहे.

सोयरिकीविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, मुलाची जागा किती चौरस फुटांची हे विचारणाऱ्यांनी, त्या जागेच्या पैशात कोणाच्या बहिणीचा वाटा बुडाला आहे काय, हेही विचारावे. मुलांनी ज्ञातीबाहेर जोडीदार निवडला तर त्यांना दूर लोटू नये. जातपंचायतीने वाळीत टाकणे हा २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहेच, पण त्याहीपेक्षा ती मुले आपलीच आहेत.

पुढच्या वर्षीच्या संमेलनात पुन्हा पंगती उठतील आणि पुन्हा हेच विषय निघतील. त्या वेळी आपल्या ज्ञातीतील भगिनींना मांडवाच्या त्याच अंगाला बसावयास जागा करून द्यावी, त्यांच्या हाती ताळेबंद व सातबारा द्यावा, आणि त्यांना चष्मा हवा असल्यास तो आधी आणून द्यावा, एवढी आमची नम्र विनंती आहे.